खिशाच्या मापाचा फोन

मित्रांनो, मी शर्ट नाही. शर्टाच्या डाव्या छातीवर असतो ना, तो खिसा आहे, आणि तोही जुना. माझा मूळचा रंग आकाशी होता. उन्हानं आणि साबणानं तो इतका फिका झाला आहे की आता मला ओळखायचं तर कोपऱ्यातला शाईचा डाग पाहावा लागतो. खिशाला कसलं आलं आयुष्य, असं तुम्हाला वाटेल. पण मागच्या कापूस वेचणीत अकोटच्या एका दुकानात, चार लोकांसमोर माझी परीक्षा झाली. मी खिसा म्हणून राहतो की फरशी पुसायचं फडकं होतो, हे त्या दिवशी ठरणार होतं. ते सांगायला मी फार उतावीळ झालो आहे. तरी जन्मापासून सांगतो, नाहीतर त्या परीक्षेची गंमत तुम्हाला कळणार नाही.

माझा जन्म अंजनगाव सुर्जीचा. महादेवराव शिंप्यांनी मला कापलं. शर्ट होता नागसेनचा. त्याला नोकरीच्या मुलाखतीसाठी अमरावतीला जायचं होतं. महादेवरावांनी गळ्यातला टेप हातात घेतला आणि विचारलं, "खिशात काय ठेवशीन?"

"पेन," नागसेन म्हणाला.

"मंग चार बोटं रुंद पुरे. उगा मोठा खिसा केला तर माणूस त्यात कचराच भरते."

अशी माझी रुंदी ठरली. तळाला त्यांनी दुहेरी शिलाई मारली. ती शिलाई पुढे कुणाला कामी येणार आहे, हे तेव्हा त्यांना माहीत नव्हतं आणि मलाही.

मुलाखतीच्या दिवशी नागसेनच्या छातीचे ठोके मी अगदी जवळून ऐकले. पेनलाही ते सोसले नसावेत, कारण ते माझ्यातच गळलं. माझ्या कोपऱ्यातला डाग तो हाच. नागसेनला नोकरी लागली आणि त्यानं अमरावतीला खोली केली. तिथं डागाचा शर्ट घालून कचेरीत कसं जाणार? एका सुट्टीत त्यानं मला गावी आणून खुंटीला टांगलं. मला वाटलं, संपलं आपलं.

पण आमच्याकडे जुना शर्ट संपत नाही. बाया वावरात जाताना लुगड्यावर, साडीवर घरातल्या पुरुषाचा शर्ट चढवतात. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, वाळक्या बोंडांची टोकं हातांना ओरबाडतात, ऊन तर आहेच. नागसेनच्या माय सुंदराबाईंनी मला खुंटीवरून काढलं, झटकलं आणि अंगात घातलं. नागसेन लहान असतानाच त्याचे वडील वारले होते. वावराच्या कामावरच सुंदराबाईंनी त्याला शिकवलं होतं. आता त्या कापूस वेचणाऱ्या बायांच्या टोळीच्या म्होरक्या होत्या. वावराचे मालक त्यांनाच फोन करत, आणि त्या सांगतील त्या वावरात टोळी जाई.

मित्रांनो, पोराच्या छातीवरून मी मायच्या छातीवर आलो. ही बढतीच म्हणायची. साडीला खिसा नसतो. त्यामुळे सुंदराबाईंनी मला रिकामं राहू दिलं नाही. माझ्यात सुपारीचं खांड असे, बोट सोललं तर गुंडाळायला चिंधी असे आणि एक साधा बटणांचा फोन असे. तो फोन माझ्यात असा बसायचा, जशी बोंडात सरकी. सुंदराबाई दिवसभर वाकायच्या, उठायच्या, परत वाकायच्या. तो हलत नसे.

पुढे बटणांच्या फोननं मान टाकली. मालक लोकही आता फोनवर वावराचा रस्ता पाठवू लागले होते, फुटलेल्या कापसाचा फोटो पाठवू लागले होते. सुंदराबाईंना नवा फोन हवाच होता. दिवाळीला नागसेन आला तो फोन घेऊनच. केवढा फोन! पडदा असा की त्यात अख्खं वऱ्हाड मावावं. मागे तीन कॅमेरे, कडेनं चकाकणारी पट्टी. नागसेननं मोठ्या हौसेनं आणला होता. सुंदराबाईंनीही दोन्ही हातांनी घेतला आणि सगळ्या आळीत फिरवून आणला.

दुसऱ्या दिवशी टोळीतल्या पंचफुलाबाईंनी तो पाहिला. त्या सुंदराबाईंच्या जुन्या मैत्रीण, बोलायला तिखट.

"सुंदरे, पोरानं फोन आणला का पाटा? याच्यावर मसाला वाटता येईन."

"जळते तू," सुंदराबाई म्हणाल्या आणि त्यांनी तो फोन माझ्यात घातला.

मी अंग चोरलं, श्वास धरला. तो निम्माही आत आला नाही. गच्च भरलेल्या बसच्या दारात माणूस लटकतो, तसा तो माझ्या काठावर लटकला. सुंदराबाईंनी एक हात वर ठेवून सकाळ काढली. पण एका हातानं कापूस किती वेचणार? टोळी पुढे गेली, त्या मागे राहिल्या. मग त्यांनी हात काढला आणि दोन्ही हातांनी सपाट्यानं वेचून कमरेच्या ओटीत टाकायला सुरुवात केली.

दुपारी भाकर खायला बसल्यावर त्यांनी मला चाचपलं. मी रिकामा होतो.

त्या वेळची माझी शरम मी तुम्हाला सांगू शकत नाही. खिशाचं काम एकच, आणि तेच माझ्याकडून झालं नव्हतं. सुंदराबाईंचे ठोके मला ऐकू येत होते. त्यांना पैशाची चिंता नव्हती. "पोराले काय सांगू," एवढंच त्या पुटपुटत होत्या.

पंचफुलाबाईंनी आपल्या साध्या फोनवरून फोन लावला. साऱ्या बाया पऱ्हाटीत कान देऊन उभ्या राहिल्या. आवाज नाही. मग कुणाचं तरी लक्ष धुऱ्याकडे, वावराच्या बांधाकडे गेलं. गाठोडी भरून टेम्पो निघाला होता, अकोटच्या जिनिंगकडे, कापसातून सरकी काढायच्या कारखान्याकडे.

"ओटीत पडला असन व," पंचफुलाबाई म्हणाल्या. "ओटीतून गाठोड्यात. पळा."

मित्रांनो, काय पळाल्या त्या बाया! शर्टांच्या बाह्या फडफडत होत्या, कमरेच्या ओट्यांतून कापूस उडत होता. वळणाशी चिखल होता म्हणून टेम्पो हळू झाला, आणि तिथं त्यांनी तो गाठला. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. परत फोन लावला. सारे गप्प. आणि कापसाच्या पोटातून, रजईखाली कुणीतरी गुणगुणावं तशी, बारीक धून आली.

कापसात हात घातला की तो खांद्यापर्यंत जातो आणि बोटांना काहीच लागत नाही. गाठोडी सोडली, धून थांबली, परत फोन लावला. शेवटी पंचफुलाबाईंनी तळातून फोन ओढून काढला.

"घे तुहा पाटा," त्या म्हणाल्या.

ड्रायव्हर मात्र हसला नाही. "मावशी, हा यंत्रात गेला असता तर आग लागली असती. कापूस गेला असता अन् माणसं बी."

रविवारी नागसेन अमरावतीहून आला. त्याला सगळं आधीच कळलं होतं. गावात असली बातमी माणसाच्या आधी पोहोचते.

"माय, तो शर्ट आधी फेक," तो म्हणाला. "फडकं कर त्याचं. अन् वावर बी पुरे झालं. मी कमावतो न? घरी बस, मोठ्या पडद्यावर पिक्चर पाह्य."

मी खुंटीवर होतो. माझा तर सगळा धागाच सैल झाला.

सुंदराबाई भाकर थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "फोन तू ठेव. तुले कचेरीत शोभते. मले माह्या मापाचा घेऊन दे. जेवून घे, मंग अकोटले जाऊ."

निघताना त्यांनी मला घडी करून थैलीत टाकलं. नागसेननं पाहिलं, पण त्याला वाटलं शिंप्याकडे जायचं असेल.

दुकान चकचकीत होतं. केयूर नावाचा तरुण दुकानदार काउंटरमागं उभा होता. सुंदराबाईंनी थैलीतून मला काढलं आणि ठेवणीतल्या साडीवर चढवलं. दुकानातले लोक पाहू लागले.

"माय, हे काय करून राहिली?" नागसेन दबक्या आवाजात म्हणाला.

"माप घेऊन राहिली. दाखव बावा, फोन दाखव."

केयूरनं पहिला फोन दिला. सुंदराबाईंनी तो माझ्यात घातला आणि भर दुकानात, पऱ्हाटीशी वाकतात तशा, कमरेतून वाकल्या. फोन सुटला. केयूरनं काउंटरवरून अर्धं अंग बाहेर टाकून तो हवेतच पकडला.

"मावशी, काहून जीव घेता? फोन असा पाह्यतेत का कोणी?"

"मंग कसा पाह्यतेत?"

"कॅमेरा पाह्यतेत, बॅटरी पाह्यतेत, पडदा पाह्यतेत."

"ते तू पाह्यलं असशीन. दुसरा दे."

दुसरा आला. वाकल्या. पडला. तिसरा आत गेला, पण बाहेर निघेना. आता केयूर काउंटरच्या पुढेच येऊन ओंजळ धरून उभा राहिला. बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं आपला चष्मा पुसून घेतला. "बाई, जरा उजव्या अंगानं वाका," त्यानं सुचवलं. कुणी आपला फोन विकत घ्यायचं विसरून गेलं होतं. आणि मी? मी आयुष्यात इतक्या फोनांना भेटलो नव्हतो. प्रत्येकाच्या वेळी वाटे, हा तरी राहू दे.

शेवटी केयूरनं खालचा खण उघडला. "एक लहान आहे. पण सांगून ठेवतो, असे आता कोणी घेत नाई. पडदा लहान."

"मले काय त्याच्यात राह्याले जायचं आहे?"

"कॅमेरा एकच आहे, माय," नागसेन म्हणाला.

"सुईत दोरा ओवतांना बी एक डोळा मिटाच लागते न. एक पुरते."

केयूर हसला. नागसेन हसला नाही. तो फोन त्यानं मायच्या हाती पडू दिला नाही, आपल्याच मुठीत धरून ठेवला. मग खाली पाहत म्हणाला, "माय, हा घेतला म्हणजे तू वावर सोडत नाईस. मले समजते."



"तुले लाज वाटते का रे माही? या शर्टाची?"

"लाज नाई व. भेव वाटते. तू तिकडं उन्हात. कुठी चक्कर येऊन पडली, साप-विंचू निघाला, त मले कोण सांगन? रात्रंदिवस हेच येते डोक्यात."

सुंदराबाईंनी पोराकडे वळून पाहिलं. ठोके मी मोजत नव्हतो, पण ते संथ झाले होते.

"मंग मले सांग," त्या म्हणाल्या. "मी पडली त फोन खिशात पाह्यजे, का कापसाच्या गाठोड्यात पाह्यजे? का घरच्या अलमारीत? तुह्या मोठ्या फोनचं काय करू मी, तो माह्या आधीच पडते."

बाकावरचा म्हातारा म्हणाला, "बरोबर आहे."

नागसेननं मूठ उघडली. त्या लहान फोनकडे उलटून पालटून पाहिलं. मग स्वतः पुढे आला आणि त्यानं तो माझ्यात सोडला. त्याची बोटं शाईच्या डागाला लागली. एवढ्या वर्षांनी. त्यानं डाग ओळखला, मला कळलं.

"वाक," तो म्हणाला.

सुंदराबाई वाकल्या. मी त्या फोनला चारी बाजूंनी धरलं. महादेवरावांच्या दुहेरी शिलाईवर त्याचं वजन आलं आणि शिलाई जागची हलली नाही.

"अजून वाक. ओटी भरली आहे असं समज."

त्या आणखी वाकल्या, डावीकडे झुकल्या, झटक्यानं उठल्या. फोन माझ्यात शांत बसला होता. केयूरची ओंजळ रिकामीच राहिली. त्यानं ती खाली केली आणि टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. मित्रांनो, खिशासाठी टाळ्या वाजलेल्या तुम्ही कधी ऐकल्या आहेत? मी ऐकल्या आहेत.

दुकानातून निघाल्यावर नागसेननं माझा वरचा एक सुटलेला टाका पाहिला. "गावी जातांना महादेवरावकडून हा पक्का करून घेऊ," तो म्हणाला. फडक्याचं नाव त्यानं परत काढलं नाही.

आता रोज दुपारच्या आत माझ्यात थरथर होते. सुंदराबाई फोन काढतात. त्यांचा अंगठा त्या पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहोचतो, दुसरा हात लागत नाही. आवाज मोठा करून त्या फोन परत माझ्यात ठेवतात आणि वेचायला लागतात.

"माय, काय करून राहिली?"

"वेचून राहिली. बोल तू. हात गुंतले आहेत, कान मोकळे आहेत."

"अरे नागसेन," पंचफुलाबाई पऱ्हाटीच्या शेजारच्या ओळीतून ओरडतात, "तुही माय खिशाशी बोलत फिरते. गावात काय सांगू आमी?"

नागसेन हसतो. बोलणं संपलं तरी तो फोन लगेच ठेवत नाही. पऱ्हाटीची सळसळ, बोंडातून कापूस निघतानाचा बारीक आवाज आणि सुंदराबाईंचा श्वास, हे सगळं माझ्यातून त्याला अमरावतीत ऐकू जातं. एका बाजूला मायची छाती, एका बाजूला पोराचा आवाज, आणि मध्ये चार बोटं रुंद मी.

तर मित्रांनो, नवी वस्तू आणाल तेव्हा महादेवरावांनी विचारलं तसं आधी विचारा. ती कुठं राहणार आहे, कुणाच्या हातात, कोणत्या कामात? जुन्या कपड्याचा एखादा टाका सुटला तर घालून घ्या, त्याला वेळ लागत नाही. आणि शर्ट फाडून त्याचं फडकं करायला निघालात, तर फाडण्याआधी त्याच्या खिशात एकदा हात घालून पाहा. आत कुणीतरी अजून कामावर असेल.