मागे कोणी बसणार आहे का?

लेक आपल्याला दात काढायलाच घेऊन आली आहे, अशा चेहऱ्याने बाइंडर सायकलच्या दुकानात शिरला. वय चौसष्ट, पुस्तकं बांधून बांधून हात राकट झालेले, आणि जीभ आठ महिन्यांपासून जवळजवळ बंद. बायको गेल्यापासून तो बाइंडिंगच्या कारखान्यात पायी जायचा. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. गुडघे कुरकुरायला लागले तसं लेकीने फर्मान काढलं, "बाबा, सायकल घ्यायची. अर्धे पैसे माझे, आणि नाही म्हणायचं नाही."

जुनी सायकल घरात होती, पण तिला तो हात लावत नव्हता. फ्रेमला तडा गेलाय म्हणायचा. तो तडा त्याने अजून कोणाला दाखवला नव्हता.

दुकानदारीण बाई तोंडाने फटकळ, पण कामाला चोख. गिऱ्हाइकाच्या खिशाआधी त्याच्या पायांकडे बघणारी. तिने बाइंडरला भिंतीला पाठ टेकवून उभं केलं, दोन पायांच्या मध्ये एक जाडजूड पुस्तक वरपर्यंत सरकवायला लावलं आणि तिथून जमिनीपर्यंत टेप धरली. सायकलची उंची अशी ठरते म्हणे. बाइंडरचं सगळं लक्ष पुस्तकात.

"शिवण सुटलीय याची," तो म्हणाला. "नुसता डिंक फासलाय. महिन्याभरात पानं हातात येतील."

"काका, ते मोजायला आहे, वाचायला नाही. बरं, रोजचं अंतर किती?"

"चार किलोमीटर. येताना तेवढंच."

"चढ?"

"पुलाचा एक."

"वेगात चालवता की सावकाश?"

"सावकाश. वळणावर तर फारच. ब्रेक एकदम दाबत नाही. खड्डा टाळता आला नाही तर आधी ओरडून सांगतो."

"कोणाला?"

बाइंडरने पुस्तकाच्या सुटलेल्या शिवणीवरून अंगठा फिरवला. लेक उगाचच एका टायरवरचं नाव वाचू लागली.

"मागे कोणी बसणार आहे का?" बाईने विचारलं.

"नाही," उत्तर लेकीनेच दिलं.

"मग कॅरियर कशाला, उगाच ओझं. ही घ्या. हलकी आहे, हँडल उंच आहे, कंबर वाकणार नाही. तीन गिअर पुलाला रग्गड झाले. जास्त असले की बिघडायलाही जास्त. ती लाल चकचकीत बघू नका, ती शर्यतीची. तिच्यावर वाकलात तर सरळ करायला दोन माणसं लागतील. तुमच्या बजेटात हीच बसते, वर चार पैसे उरतात. ते रंगात घालू नका, सीटमध्ये घाला. रंगावर कोणी बसत नाही."

लेक हसली. बाइंडरही हसल्यासारखं करून गेला.

एकतीस वर्षं त्याच्या मागे बायको बसत आली होती. दोघं एकाच कारखान्यात. ती पानांचे गठ्ठे शिवायची, तो वर पुठ्ठे चढवायचा. आणि सायकल सुरू करायचा त्यांचा एक नेम होता. तो एक पाय जमिनीला लावून थांबायचा. ती मागे बसायची, कपडे सावरायची, डबा मांडीवर घ्यायची आणि मग त्याच्या पाठीवर एक चापटी द्यायची. चापटी बसल्याशिवाय पायडल नाही. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात हे ठरलेलं. घरात कडाक्याचं भांडण झालं, दोन दिवस अबोला असला, तरी चापटी बसायचीच. फक्त जरा जोरात.

आठ महिन्यांपूर्वी सायकलवरून पडल्यानंतर दवाखान्यात ती भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, "माझीच घाई नडली. नीट बसायच्या आधीच चापटी दिली." लेकीला तर तिने हे दोनदा सांगितलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. बाराव्या दिवशी छातीत कफ भरला आणि खेळ संपला. ते बारा दिवस बाइंडर तिच्या उशाशी बसून होता.

"एक चक्कर मारून या," बाई सीट आवळत म्हणाली. "सायकल नुसती बघून कळत नाही."

दुकानाबाहेर गल्ली रिकामी होती. बाइंडर सीटवर बसला. एक पाय पायडलवर, एक जमिनीला. आणि तसाच राहिला.

"ब्रेक अडकलाय का?" बाईने येऊन चाक उचलून फिरवलं. चाक गरगर फिरलं. "सायकल तर तयार आहे काका. तुमचंच घोडं अडलंय."

लेकीला मात्र कळलं. लहानपणी ती पुढे दांडीवर बसायची. त्या चापटीचा आवाज तिच्या कानांत मुरलेला. तिचे डोळे भरून आले. ती मागे जाऊन उभी राहिली आणि तिने हात उचलला.

"बाबा, मी देऊ?"

"थांब," तो म्हणाला. मान वळवायची त्याची हिंमत नव्हती. "आधी ऐक. त्या दिवशी चापटी बसलीच नव्हती."

"पण आई तर म्हणाली—"

"खोटं बोलली ती. पुठ्ठे चिकटवायच्या खळीच्या डब्याला झाकण लावलं का, ते बघायला परत कारखान्यात गेली होती. रोजचंच तिचं. माझं डोकं फिरलं. ती येऊन बसतेय तोवर मी पायडल मारलं. चापटी बसली नाही हे मला ठाऊक होतं. तरी मारलं."

लेकीचा हात हवेतच राहिला.

"आणि ती सगळ्यांना स्वतःचं चुकलं म्हणून सांगत होती, तेव्हा तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात?"

"हो. बारा दिवस."

दुकानदारीण बाईने हातातला पाना पुसला. ती निमूट आत गेली. बाइंडर हँडल घट्ट धरून बसला. लेक आता निघून जाईल, असं त्याला वाटलं. आणि गेली तर तिचं काही चुकणार नव्हतं. मागून पावलं वाजली नाहीत. फक्त नाक ओढल्याचा आवाज येत होता.

मग पाठीवर बसली ती चापटी नव्हती, धपाटा होता. पाठ झणझणली. अबोल्याच्या दिवसांतही तिच्या आईचा हात इतका जोरात बसला नव्हता.

बाइंडर निघाला. बाईने निवड अगदी चोख केली होती. उंची बरोबर, हँडल बरोबर, सायकल पिसासारखी हलकी. मागे कोणी नाही हे त्याला दर पायडलला कळत होतं. गल्लीच्या टोकाला वळण होतं आणि वळणावर एक खड्डा. त्याने वेग कमी केला, ब्रेक हळूच दाबला.

"खड्डा आहे गं, नीट धरून बस," तो ओरडला.

दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या लेकीला ते स्वच्छ ऐकू आलं.