गुडघ्यांची रजा

सकाळपासून ओक-बुन जमिनीवर बसून भोपळ्याच्या चकत्या अंड्यात बुडवत होती आणि तव्यावर टाकत होती. कोरियातल्या आंदोंगजवळच्या त्या घरात वर्षातून अकरा वेळा पितरांचं पान मांडलं जाई, आणि अकराही वेळा स्वयंपाक थोरल्या सुनेचा, म्हणजे तिचा. पस्तीस वर्षं तिनं तो गुडघे मोडून केला. पितरांना नमस्कार मात्र पुरुषांनीच घालायचा. त्या पितरांत तिच्या रक्ताचं कुणी नव्हतं, आणि स्वतःच्या आईच्या पूजेला ती एकदाही माहेरी जाऊ शकली नव्हती.

त्या दिवशी ती उठायला गेली आणि तिला उठताच येईना. गुडघ्यात कळ आली, तशी ती तव्याशेजारीच कलंडली.

"आमच्या वेळी चुली होत्या," सासूबाई बसल्या बसल्या पुढं सरकत म्हणाल्या. "तुम्हाला गॅसच्या शेगडीपुढं बसणंही जड."

दीर चांग-ग्यू सोलहून आला होता. तो मनानं चांगला. "वहिनी, देगूला दवाखाना आहे. आपल्याच अंगातल्या पेशी काढून गुडघ्यात सोडतात. खर्च माझा. चुसॉकच्या सणाला तुम्ही पहिल्यासारख्या खाली बसाल बघा."

घरभर त्याचं कौतुक झालं. नवरा चांग-सिक तर गहिवरला. त्या घरात वाईट कुणीच नव्हतं, आणि म्हणूनच ओक-बुनला कुणाशी भांडताही येत नव्हतं.

देगूच्या डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "पोटाच्या चरबीतून पेशी घेऊ, त्या सुईनं सांध्यात सोडू. दुखणं बहुधा कमी होईल. झिजलेलं सगळं भरून येईल असं मात्र मी म्हणणार नाही. आणि यापुढं जमिनीवर बसणं, गुडघे टेकणं बंद."

ओक-बुननं नवऱ्याला पाणी आणायला पाठवलं. "डॉक्टर, गुण आला तर घरी सांगू नका."

"का हो?"

"दुखतंय म्हणून आता कुठं मला खुर्ची मिळालीय. बरी झाले की पुन्हा खाली."

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढं ओढला. "खोटं मी बोलणार नाही. पण खाली बसायचं नाही, हे खरंच आहे. ते लिहून देते."

परतताना चांग-सिकनं तो कागद वाचला आणि घडी घालून खिशात टाकला. "डॉक्टर सगळ्यांनाच असं सांगतात गं. आपल्याकडं खाली न बसून कसं चालेल?"

ओक-बुन काय ते समजली. कागदावर कुणी विश्वास ठेवणार नव्हतं, लंगडण्यावर ठेवणार होतं. तिसऱ्या महिन्यात ती दवाखान्याचे जिने कठडा न धरता चढली आणि गावात उतरताच पाय ओढू लागली. बरं झाल्याचा आनंदही चोरून करायचा, ही शिक्षा तिनं कुठल्या गुन्ह्याबद्दल भोगावी? पण ती भोगत राहिली. चार महिने धडधाकट पायांनी ती घरात लंगडली.

चुसॉकचा आदला दिवस उजाडला. खुर्चीत बसून ती चेस्टनट सोलत होती. शेगडीपुढं तिच्या जागी सोल-ही होती, वसंतात लग्न होऊन आलेली तिची सून.

"आजी, पाय बधिर झालेत. जरा उठू?" पोरीनं विचारलं.

"तरणीताठी तू, तुला काय धाड भरलीय?" सासूबाई म्हणाल्या. "तुझी सासू लंगडी झाली. आता हे घर तूच सांभाळायचं."

ओक-बुनचा हात थांबला. आपली रजा ही पोर भरून काढतेय, हे तिला दिसलं आणि तिची तिलाच शरम वाटली. ती उठली, सरळ चालत गेली, शेगडी बंद केली आणि सोल-हीला हाताला धरून उभं केलं.

"वहिनी, तुम्ही तर बऱ्या दिसताय," सणाला आलेला चांग-ग्यू म्हणाला.

"बरी आहे. उन्हाळ्यापासून बरी आहे. तुमचे उपकार मी विसरणार नाही, भावजी. पण हे गुडघे मी आता टेकणार नाही, आणि हिलाही टेकू देणार नाही. पितर तुमचे आहेत. पीठ भिजवलेलं आहे, तवा तापलेला आहे."

"लोकांना काय सांगू मी?" चांग-सिक पुटपुटला.

"सांगा, बायको नाही म्हणाली."

सगळे सासूबाईंकडं बघू लागले. आता ही म्हातारी घर डोक्यावर घेणार, हे ठरलेलंच होतं. त्या सरपटत ओक-बुनपाशी आल्या. तिच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी तो दाबून पाहिला.

"त्या सुईनं खरंच थांबतं का गं दुखायचं?" त्यांनी हळूच विचारलं.

अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या त्या बाईला पाय दुखतात का, हे त्या घरात आजवर कुणीच विचारलं नव्हतं. ओक-बुननंसुद्धा.