गुडघ्याखालची कॉफी
बार्डोककाकांचं एक ठरलेलं गाऱ्हाणं आहे: आजचा काळ फार हिंसक झालाय, पूर्वी असं नव्हतं. श्कोदरच्या एखाद्या कॅफेत कुणी पिस्तूल चालवलं, तिरानात कुणाची गाडी उडवली, की टीव्हीसमोर राकी दारूचा ग्लास खाली ठेवून काका सुरू होतात. पूर्वी मारण्यालासुद्धा रीत होती. बाईवर किंवा बाईबरोबर चालणाऱ्यावर हत्यार उगारायचं नाही, पोरावर नाही, घरात शिरून मारायचं नाही. मारलेल्याला नीट उताणं करायचं आणि त्याची बंदूक त्याच्या उशाशी ठेवायची. आजकालच्या माणसांना कसली लाजच उरलेली नाही, असं म्हणून ते ग्लास पुन्हा उचलतात.

मी त्यांच्या पुतण्याची विधवा, द्राने. हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. त्या रीतसर काळातली माणसं आमच्या चर्चमागे पुरलेली आहेत आणि त्यातल्या कितीजणांना धड मिसरूडही फुटलं नव्हतं. माझ्या आजीचे भाऊ असेच गेले, अगदी उताणे, बंदूक उशाशी ठेवून. हुकूमशाहीत आमच्या डोंगरातले खून थांबले, ते कुणाला सुबुद्धी झाली म्हणून नव्हे. ते काम तेव्हा सरकारनं स्वतःकडे घेतलं होतं. आज जास्त की काल जास्त, यावर पुरुषांनी खुशाल भांडावं. मला त्या भांडणाची चीड येते, कारण ते घालणाऱ्याला स्वतःचं काही गमवायचं नसतं.

माझा नवरा प्रेंगा पाटाच्या पाण्यावरून मेला. पाळी आमची होती आणि पाणी ओढ्यापलीकडच्या झेफनं वळवून घेतलं. बोलाचाली झाली, प्रेंगा फावडं खांद्यावर टाकून घरी वळला आणि झेफनं पाठीत गोळी घातली. झेफ आज तुरुंगात आहे. पण आमच्याकडे तुरुंगानं रक्त फिटत नाही. त्यामुळे झेफचा भाऊ पाश्को आणि पाश्कोचा मुलगा माराश तेव्हापासून घराबाहेर पडलेले नाहीत. घरात असेपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही, उंबऱ्याबाहेर मात्र लावतात. माराश आणि माझा लुलाश शाळेत एका बाकावर बसायचे.

या वसंतात लुलाशला अठरा पुरी झाली, आणि काकांच्या नजरेतला फरक मला लगेच कळला. प्रेंगाला जाऊन तीन वर्षं झाली त्या दिवशी चर्चमधून सगळे आमच्याकडे जेवायला आले. मी भाजलेलं कोकरू आणि पाव वाढला, मग कॉफी केली. तबक आत नेलं तर काकांनी ते माझ्या हातातून घेतलं. एक पेला उचलला, एक पाय वर केला आणि गुडघ्याच्या खालून तो पेला लुलाशपुढे धरला.  ज्याच्यावर रक्ताचं देणं आहे आणि जो ते फेडत नाही, त्याला आमच्यात अशी कॉफी देतात. तोंडावर थुंकलेलं परवडलं.

लुलाशनं पेला घेतला, न पिता खिडकीत ठेवला आणि बाहेर गेला. तो लहानपणापासून असाच, घुमा. बोलते ती मीच.

"माझ्या घरात, माझ्या हातची कॉफी, आणि माझ्याच पोराला?" मी म्हणाले.

"सूनबाई, त्याच्या बापाला पाठीत गोळी घातली," काका म्हणाले. "हे असले भेकड दिवस आलेत. कुणीतरी रीत सांभाळायला नको?"

"समोरून घातली असती तर तो आज जेवायला असता का?"

बायकांनी मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. बाईच्या तोंडी लागू नये म्हणून काकांनी दुसरा विषय काढला. मी भांडी आदळली, रडले, पुन्हा आदळली. मग पाण्यासाठी मागच्या खोलीत गेले, तर खुंटीवर प्रेंगाची बंदूक नव्हती.

मी तशीच एप्रनवर धावले. पाश्कोचं घर ओढ्यापलीकडे, हाकेच्या अंतरावर. सबंध वाटेत मी कान देऊन होते. काही झालंच असेल तर गोळीचा आवाज यायला हवा होता, आणि तो आला नाही तरी मला धीर येत नव्हता. पोरगा मेला तर मी मेले. पोरानं मारलं तर तोही आयुष्यभर घरात कोंडला जाणार, आणि उद्या त्याचं पोर. मी देवाला शिव्या घालत होते, प्रेंगाला घालत होते, पाटाला घालत होते.

पाश्कोचं दार उघडं होतं. तीन वर्षांत ते उघडं मी पाहिलं नव्हतं. आत चुलीजवळ, पाहुण्याच्या मानाच्या जागी, लुलाश बसला होता. प्रेंगाची बंदूक पाश्कोच्या खुंटीवर टांगलेली होती. घरी आलेल्या पाहुण्याची बंदूक यजमानानं स्वतः घेऊन टांगायची असते. त्यानंतर त्या पाहुण्याच्या केसालाही धक्का लागला तर ती बेअब्रू यजमानाची. लुलाश दारात जाऊन उभा राहिला होता, म्हणाला होता, पाश्कोकाका, पाहुणा आलाय, आणि बंदूक पुढे केली होती.  त्याची बायको कोपऱ्यात डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावून उभी होती.

"आई, बस," लुलाश म्हणाला. "आपल्या घरात पुरुष मीच आहे ना? मग रक्त माझं आहे. मी सोडलं."

मला काय वाटलं ते सांगते. आधी राग आला. प्रेंगाचं रक्त हा पोरगा एका वाक्यात सोडून देतो? मग मी माराशकडे पाहिलं. न्हावी घरी येत नाही म्हणून त्याचे केस त्याच्या आईनं वेडेवाकडे कापले होते, आणि तोंड पिठासारखं पांढरं पडलं होतं. तो माझ्याकडे बघायला धजत नव्हता. माझा राग गेला असं नाही. पण त्या पोरावर काढावा असा तो नव्हता.

पाश्को हळूच म्हणाला, "लुलाशनं सोडलं, पण बार्डोक आणि त्याचे बाकीचे पुतणे सोडतील का?" तो बरोबर बोलत होता. बाहेर बघितलं तर बातमी पोचलेलीच होती. ओढ्याच्या पुलावर काका आणि दोघं पुतणे उभे होते, आणि पुतणे काही रिकाम्या हातानं उभे नव्हते.

मी माराशला विचारलं, कुठं जावंसं वाटतं?  तो म्हणाला, शाळेमागच्या मैदानावर. मैदान पुलापलीकडे आहे. मी म्हणाले, चल मग. त्याच्या आईनं माझा हात धरला, मी तो सोडवला आणि माराशचा धरला. लुलाश उठू लागला तसं त्याला दटावून खाली बसवलं. बरोबर पुरुष असता तर गोष्ट वेगळी झाली असती.

उंबऱ्यावर माराश अडला.  मी ओढलं तेव्हा कुठं त्यानं पाऊल टाकलं.

पुलाशी काका पुढे आले. "द्राने, हात सोड त्याचा. तुझ्या नवऱ्याच्या मारेकऱ्याचं रक्त आहे ते."

"नाही सोडत."

"आम्हाला लाज आणू नको."

"काका, तुमच्या काळात बाईबरोबर चालणाऱ्यावर गोळी झाडत नसत," मी म्हणाले. "तुम्हीच सांगता, रोज. तो काळ खरंच तसा होता की नुसत्या राकीवरच्या गप्पा, ते आज कळू दे सगळ्यांना."

 थोरल्या पुतण्याची बंदूक अर्धी वर आली होती. तो काकांकडे बघत होता आणि काका पुलाखालच्या पाण्याकडे. गावातल्या बायका दारादारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.  पूल अरुंद आहे, आणि त्यावरून आम्हाला जायचं होतं. मी काकांच्या अगदी खांद्याला खांदा घासून पुढे गेले.

त्यांच्याकडे पाठ झाली तसा माराश जवळजवळ पळू लागला. मी त्याचा हात घट्ट आवळला.

"हळू चाल," मी म्हणाले. "त्यांना नीट बघू दे."