बेडपॅन आणि पाळकसाहेब

मित्रांनो, आधी नाकावरचा रुमाल काढा. मी एक जुना बेडपॅन आहे. ज्या रुग्णांना उठून संडासापर्यंत जाता येत नाही, त्यांच्या खाली मला सरकवतात. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

कारखान्यात स्टीलच्या एकाच पत्र्यातून माझा आणि एका ट्रेचा जन्म झाला. त्या भावाच्या नशिबी चहाचे कप आले. माझ्या नशिबी जे आलं त्याची मला आजही शिसारी येते. बावीस वर्षं मी या रुग्णालयाच्या हाडांच्या वॉर्डात आहे. हळूहळू सवय होते म्हणतात, ते साफ खोटं आहे.

पण घाणीपेक्षा जास्त किळस मला माणसांची येते. बापाचं भांडं उचलायची वेळ आली की मुलाला नेमका फोन येतो. सून नाकाला पदर लावून दाराबाहेर पळते आणि परतते ती अत्तर शिंपडतच. यांची पोरं काय लहानपणी गुलाबपाणी करत होती?

मला उचलायच्या त्या मावशी, आमच्या वॉर्डातल्या आयाबाई. त्यांनाही मी मनातून नावं ठेवायचो. मला घासताना त्या प्रभू येशूचं गाणं गुणगुणायच्या. या कामात कसलं आलंय गाणं! बाईंचं नाक तरी बंद असावं, नाहीतर डोकं, असं मला वाटायचं.

मग दहा नंबरच्या खाटेवर पाळकसाहेब आले. चाळीस वर्षं चर्चमध्ये उपदेश केलेला माणूस, आता खुब्याचं हाड मोडून पडलेला. मला पाहताच त्यांनी तोंड फिरवलं. त्यात नवल नव्हतं, पण त्यांनी जेवणही टाकलं आणि पाणी तोंडाला लावेनात. पोटात काही गेलं नाही तर माझी गरज पडणार नाही, ही त्यांची युक्ती. सलाईनची सुईसुद्धा उपसून टाकायचे. तिसऱ्या दिवशी डॉक्टर वैतागून म्हणाले, "हाड राहील बाजूला, अशाने जीव जाईल तुमचा."

त्याच सकाळी मावशी मला घेऊन त्यांच्याजवळ आल्या.

"नको, मावशी," पाळकसाहेब पुटपुटले. "जन्मभर लोकांना शांतीबद्दल सांगत आलो आणि माझ्याच जिवाला ती नाही. लाज वाटते हो."

"एक विचारू? प्रभूने शिष्यांचे पाय धुतले म्हणून तुम्हीही चर्चमध्ये लोकांचे पाय धुवायचात ना?"

"दरवर्षी. बारा जणांचे."

"आणि तुमचे कोणी धुतले?"

"माझे? माझे कोण धुणार?"

"प्रभू पाय धुवायला वाकला तेव्हा त्याचा शिष्य पेत्रही नकोच म्हणाला होता," मावशी म्हणाल्या. "धुणं सोपं असतं, साहेब. धुऊन घेणं जड जातं."

"तुम्हाला किळस नाही येत?"

"येते की! रोज येते. म्हणून तर गाते. एकटीच्याने हे झालं नसतं. तो सोबत आहे म्हटलं की किळस जात नाही, पण मन शांत होतं. खरं सांगू? घरी जाताना आनंदात असते मी."

मी चाट पडलो. म्हणजे यांनाही किळस येत होती आणि इतकी वर्षं मी त्यांना खुळी समजत होतो! त्या दिवशी मला माझीच शिसारी आली.

पाळकसाहेब लहान मुलासारखे रडले. मावशींनी त्यांचे डोळे पुसले नाहीत की समजूत घातली नाही, पाण्याचा पेला तेवढा पुढे केला. पाळकसाहेबांनी तो घटाघटा रिकामा केला आणि आणखी मागितलं.

दुपारी हाक आली, "मावशी, भांडं द्या!" चेहरा लाजेने लाल झाला होता, पण आवाज सगळ्या वॉर्डाने ऐकला. मावशी त्यांना स्वच्छ करत होत्या तेव्हा गाणं पाळकसाहेबांनीच सुरू केलं. सूर भयंकर होता. तरीही मावशींनी साथ दिली.

मित्रांनो, उद्या तुमच्या घरातही कोणी खाटेला खिळेल. किळस येईल, ती येऊ द्या. पण ती पाहून त्या माणसाला घोटभर पाणी प्यायचीही भीती वाटेल, असं तोंड मात्र करू नका.