तळमजल्यावरची मीटिंग

धोंडीराम सरांइतका भला माणूस अख्ख्या कॉलेजात नव्हता, आणि सगळा घोळ त्या भलेपणानंच केला.

सर इतिहास विभागाचे प्रमुख. बारा वर्षांपूर्वी शाईस्ता मॅडम विभागात रुजू झाल्या, तेव्हा त्यांना पाहून सरांना भरून आलं. पोलिओनं दोन्ही पाय अधू, काखेत कुबड्या, आणि तरी सिरसाळ्याहून रोज स्कूटरवर यायच्या. वडील यासीनभाई मेकॅनिक. त्यांनीच स्कूटरला मागं दोन जादा चाकं बसवून दिली होती. या लेकीला तोशीस म्हणून पडू द्यायची नाही, असं सरांनी मनाशी ठरवूनच टाकलं.

मीटिंग व्हायची दुसऱ्या मजल्यावर. लिफ्टचा पत्ता नाही. कामाची वाटणी तिथंच व्हायची, आणि मॅडमचं नाव आलं की सर स्वतःच्या हातानं त्यावर काट मारायचे. परीक्षेची ड्युटी नको, प्रवेश समिती नको, धारूरच्या किल्ल्याची सहल तर नकोच. शिपाई रजिस्टर खाली नेऊन मॅडमची तेवढी सही आणायचा. लोक सरांचं कौतुक करायचे, आणि खोटं कशाला बोला, सरांना ते आवडायचं.

मॅडमनी एकदाच अर्ज दिला होता. मीटिंग तळमजल्यावर, नकाशांच्या खोलीत घ्यावी, एवढाच. सर हसून म्हणाले होते, कावून तरास घेता, आमी हाव ना. अर्ज ड्रॉवरमध्ये गेला तो गेलाच.

यंदा मॅडमच्या बढतीची फाइल निघाली. बढती मिळाली की त्यांना पीएच.डी.चे विद्यार्थी घेता येणार होते; दिंद्रुडची स्वप्नाली त्यासाठी दोन वर्षं थांबली होती. मॅडमचे शोधनिबंध विभागात सगळ्यांत जास्त. पण बढतीला कॉलेजची कामंही मोजली जात, आणि त्यांचा तक्ता विभागप्रमुखानं भरायचा होता. सर पेन घेऊन बसले आणि बसूनच राहिले. लिहायला काही नव्हतं. बारा वर्षं ते पान त्यांनीच कोरं ठेवलं होतं.

बढती नाकारली गेली. सर मान खाली घालून मॅडमकडे गेले. त्या पुस्तकं पिशवीत भरत होत्या. लातूरला दुसरी नोकरी धरली होती.

"सर, मी सूट नव्हती मागितली," त्या शांतपणे म्हणाल्या. "खोली मागितली होती."

माझं चुकलं, असं सर म्हणाले. त्याचा आता कुणालाच उपयोग नव्हता.

पुढच्या सोमवारी सरांनी मीटिंग नकाशांच्या खोलीत ठेवली. शिपायानं पाच मिनिटांत खुर्च्या मांडल्या.

"आज खाली कावून, सर?" विभागातल्या अमरसिंह सरांनी विचारलं.

धोंडीराम सरांना खरं सांगवेना. "गुडघे लई दुखतेत," ते म्हणाले.

"मग दरवेळी हितंच घेऊ की."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मिनिटभरात ठरलं.