दोन पायांची बोट

“साहेब, दोरी कशात सोडताय?” बांधावरून जयरामने विचारलं.

सदानंदराव खटावकर खाडीकाठी जयरामच्या लाकडी धक्क्यावर उभे होते. हातात सुतळीचा गुंडा आणि सुतळीच्या टोकाला घरच्या खलबत्त्यातला बत्ता. पाण्याची खोली मोजायची म्हणून ते सकाळीच नाश्ता उरकून, वसईहून रिक्षा करून नायगावला आले होते. आणि खाडीत पाणीच नव्हतं. नाही म्हणायला लांब मधोमध एक चिंचोळी धार होती. तिथून काठापर्यंत सगळा काळा चिखल, त्यात खेकड्यांची भोकं आणि कुणाचीतरी एक निळी चप्पल. बत्ता त्या चिखलात जाऊन गपकन बसला होता.

“पाणी कुठे गेलं, जयरामभाऊ?”

जयराम हसला नाही, हे त्याचे उपकारच. खाडीकाठचा भातशेतीवाला माणूस; पाणी कुठे गेलं असं त्याला आजवर कुणी विचारलं नसेल. “गेला समुद्रात. ओहटी हाय. आनि आज अष्टमी, भांगाचे दिवस, पान्याला जोर नसतो. सांजच्याला भरती येईल, पन अर्धीमुर्धीच.”

“मी इतकी वर्षं येतोय इथे. खाडी कधी रिकामी पाहिली नाही.”

“कशी बघनार? तुमी वयनींना घेऊन संकष्टीला यायचे. दुपारी देवळात जायचे, मंग हितं येऊन बसायचे. संकष्टीच्या दुपारी भरती असतेच, आनि मोठी असते. पुनवेचा जोर तवर उतरलेला नसतो.” जयरामने सुतळी ओढून बत्ता वर काढला, चिखल पुसला आणि त्यांच्या हातात दिला. “बाकीचे दिवस तुमी कवा आलेच नाय.”

सदानंदराव बत्ता हातात घेऊन उभे राहिले. खरंच, ते बाकीच्या दिवशी कधी आलेच नव्हते.

खटावकडच्या माणसाला भरती-ओहोटी कुठून ठाऊक असणार? त्यांच्या लहानपणी गावात पाणी यायचं ते टँकरने, आणि ते जायचं हंड्यात. मुंबईला नोकरी लागली ती मात्र फोर्टातल्या एका सर्व्हेअरच्या कचेरीत. बोटींची तपासणी करून अहवाल देणारी ती कचेरी. सदानंदराव ते अहवाल टाइप करत. आधी टाइपरायटरवर, मग कॉम्प्युटरवर, पण आयुष्यभर तेच. बोटीच्या पोटाखालच्या कण्याला, म्हणजे कीलला, किती प्रकार असतात हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. एक लांब खोल पात, ती वाऱ्याला दाद देत नाही. एक वरखाली होणारी, ती उथळ पाण्यात वर घ्यायची. मात्र खाचेत गाळ बसला की अडकून राहते. आणि एक जुळी, दोन आखूड पायांची, पाणी गेलं की त्या पायांवर उभी राहणारी. हे सगळं त्यांनी हजारदा टाइप केलं होतं, आणि बोटीत एकदाही बसले नव्हते.

संकष्टी मनोरमाबाईंची. लग्न होऊन आल्या त्या हे व्रत घेऊनच. त्या दिवशी सर्व्हेअर साहेब अर्धा दिवस सुट्टी देत, कारण साहेबांचाही उपास असे आणि उपाशीपोटी त्यांनाही काम नको होई. मग दुपारी सदानंदराव, मनोरमाबाई आणि छोटा परेश खाडीकाठच्या गणपतीला येत. दर्शन झालं की जयरामच्या धक्क्यावर पाय सोडून बसत. समोर काठोकाठ भरलेली खाडी.

“रिटायर झालो की बोट घ्यायची,” सदानंदराव सांगत. “सुकाणू मी धरणार. शिडाच्या दोऱ्या परेशकडे. वळायच्या आधी मी विचारणार, ‘तयार?’ तू म्हणायचंस, ‘तयार!’ त्याशिवाय बोट वळवायची नसते.”

“तयार!” परेश धक्क्यावरून ओरडायचा. पलीकडच्या काठावरचे बगळे उडायचे.

“आणि मी काय करू?” मनोरमाबाई विचारायच्या.

“तू डबा सांभाळ.”

मनोरमाबाई जाऊन आता तिसरं वर्ष चालू होतं. परेश न्यूझीलंडला. फ्लॅटमध्ये सदानंदराव, टीव्ही आणि सकाळी येणारी पोळीवाली. ती पोळ्या टाकून गेली की दुसऱ्या दिवशी ती येईपर्यंत बोलायला कोणी नाही. तेव्हा कधीतरी त्यांना बोटीची आठवण झाली. मुंबईला जाऊन त्यांनी शीडबोटीचा शिकवणीवर्ग केला. वर्गात सगळी शाळकरी मुलं. त्यांनी आजोबांना ‘अंकल’ म्हणून सांभाळून घेतलं आणि परीक्षेत पास केलं.

त्यानंतर जुनी बोट शोधणं आलं. ओळखीतून दोन सापडल्या. एक कुलाब्याच्या एका वयस्क डॉक्टरांची. पांढरीशुभ्र, निमुळती, खोल पातीची. ती पाण्यात कशी चालते हे सदानंदरावांनी स्वतः बसून पाहिलं होतं; घरी येऊन रात्रभर त्यांना अंथरूण हलल्यासारखं वाटत होतं. अडचण एवढीच की ती दोन माणसांची बोट होती. एकाने सुकाणू, एकाने शीड. दुसरी कामणला एका गोदामामागे पडलेली, जुळ्या पायांची. तिचे फोटो परेशला पाठवले तेव्हा तो हसला होता. “बाबा, हा तर डबा आहे. इथे असल्या बोटीकडे कोणी ढुंकून पाहत नाही. घ्यायची तर डॉक्टरांचीच घ्या.”

त्यांना ते पटलं होतं. पटायला फार कष्ट पडले नव्हते, कारण दोन माणसांची बोट घ्यायची म्हणजे दुसरा माणूस येणार आहे असा सरळ अर्थ होता. खोली मोजून कळवतो, असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं होतं.

त्या दुपारी खाडीवरून घरी येऊन त्यांनी बत्ता धुतला आणि परेशला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. मागे कुणीतरी हसत होतं, भांड्यांचा आवाज येत होता.

“बाबा, बोला. बरे आहात ना?”

“बरा आहे. अरे, आपल्या खाडीत ओहोटीला पाणीच नसतं. खोल पातीची बोट चिखलात आडवी होईल.”

“मग ती मुंबईलाच ठेवा ना. बंदरात खोल पाणी आहे. तुम्ही जायचं तिकडे शनिवार-रविवारी.”

“तसंही करता येईल.” सदानंदराव म्हणाले. खरं विचारायचं ते पुढेच होतं. “पण ती दोन माणसांची आहे, परेश. मला एकट्याला नाही झेपायची.”

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. परेश बहुतेक दुसऱ्या खोलीत गेला.

“मग एखादा माणूस ठेवा ना, बाबा. तिथे शिकलेली मुलं मिळतील. महिन्याचं काय ते ठरवा, मी पाठवत जाईन. टेन्शन घेऊ नका त्याचं.”

तो अगदी मनापासून बोलत होता, हेच वाईट होतं. रागवायला जागा नव्हती. सदानंदरावांना एकदम खूप एकटं वाटलं. पोळीवालीने झाकून ठेवलेल्या पोळ्यांकडे ते पाहत राहिले.

“बरं,” ते म्हणाले. “बघतो.”

“आणि बाबा, मागच्या रविवारी आम्हीही गेलो होतो सेलिंगला, ऑफिसचे सगळे. फोटो पाठवतो. मस्त वारा होता.”

फोटो आले. परेश दोरी धरून मागे झुकला होता आणि तोंड उघडून काहीतरी ओरडत होता. काय ओरडत असेल ते सदानंदरावांना माहीत होतं. फोटो त्यांनी मोठा करून पाहिला, पुन्हा लहान केला. मग डॉक्टरांना फोन करून, माफ करा, जमणार नाही, असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ते कामणला गेले. गोदामाचा व्यवस्थापक प्रितेश त्यांना मागच्या बाजूला घेऊन गेला. पुठ्ठ्यांच्या ढिगाशेजारी बोट उभी होती. खाली ना स्टँड, ना टेकू. स्वतःच्याच दोन आखूड पायांवर, सिमेंटवर.

“अंकल, एका रिसॉर्टवाल्याने आणली होती,” प्रितेश म्हणाला. “सेल्फी पॉइंट बनवायचा होता त्याला. मग त्याचा रिसॉर्टच बंद झाला. तेव्हापासून इथेच पडून आहे. तुम्हाला पण डेकोरेशनलाच पाहिजे का?”

“नाही. चालवायची आहे.”

“सोबत कोण आहे तुमच्या?”

“कोणी नाही,” सदानंदराव म्हणाले. हे वाक्य तोंडाने म्हणायची त्यांची पहिलीच वेळ. ते वाकले आणि पायांची मुळं, बोल्ट, जोडाच्या भेगा एकेक करून हाताने चाचपून पाहिल्या. अशा बोटीच्या अहवालात ते नेहमी एक वाक्य टाइप करत: वाऱ्यात ही बोट थोडी आडवी सरकते, वेगाची अपेक्षा ठेवू नये. वेगाची अपेक्षा आता त्यांनाही नव्हती. पाणी गेल्यावर धरायला कोणी नसताना जी उभी राहील, ती त्यांना हवी होती.

“ही घेतो,” ते म्हणाले.

बोट पाण्यात सोडायला त्यांनी संकष्टीचाच दिवस धरला. जयरामने ट्रेलर बांधावरून धक्क्यापर्यंत आणवला, चार शेजारी गोळा केले. जयरामची बायको जिजा हळद-कुंकू आणि नारळ घेऊन आली. बोटीच्या नाकाला कुंकू लावून तिने विचारलं, “नाव काय ठेवलं, साहेब?”

“अजून नाही ठेवलं.”

“वयनींचं ठेवा की.”

“तिला आवडलं नसतं. म्हणाली असती, मला चिखलात कशाला उभी करता.”

जिजा हसली आणि पदराने डोळे पुसले. भरती काठाला लागली होती. ‘गणपती बाप्पा मोरया’ म्हणत सगळ्यांनी जोर लावला आणि बोट पाण्यात उतरली. जयरामने सोबत येतो म्हटलं. सदानंदराव म्हणाले, आज एकटाच जातो, लांब नाही, वळणापर्यंत.

उपास होता. सकाळी केलेल्या शिऱ्याचा नैवेद्य देवाला दाखवून डबा बरोबर घेतला होता. त्यांनी तो समोरच्या बाकावर ठेवला, सुकाणूशी बसले आणि छोटं शीड वर ओढलं. बोट हलली. ते एकटेच एका बाजूला, म्हणून बोट त्या बाजूला कलली, आणि डबा सरकत सरकत त्यांच्या पायाशी आला. त्यांनी तो उचलून परत समोर ठेवला. तो परत आला.

बोट आडवी सरकत होती, अहवालात लिहायचे अगदी तशी. पण चालत होती. खारफुटी मागे पडली, देवळाचा कळस लहान झाला, तोंडावर खारा वारा आला. आयुष्यभर जे टाइप केलं ते आज हाताला लागत होतं आणि सदानंदरावांना मनापासून बरं वाटत होतं. हे कुणाला तरी सांगावं म्हणून त्यांनी मान वळवली, आणि पुन्हा सरळ केली.

वळणाशी आल्यावर ते सवयीने मोठ्याने म्हणाले, “तयार?”

आणि थांबले. शिकवणीतला नियमच होता तो, उत्तर आल्याशिवाय वळवायची नाही. बोट सरळ जात राहिली, समोरचा काठ जवळ येऊ लागला. अगदी जवळ आल्यावर त्यांनी स्वतःच हळू आवाजात “तयार” म्हटलं आणि सुकाणू फिरवलं.

परत आले तोवर पाणी उतरू लागलं होतं. माणसं पांगली होती. बोट धक्क्याला बांधून ते आत बसून राहिले. बांधावरून जयरामने हाक मारली, “साहेब, उतरा आता. पानी चाललाय, थोड्या वेळात चिखलात बसंल ती. एकटे काय करनार तितं?”

“बसतो जरा. चंद्र उगवेपर्यंत.”

“फळी टाकून ठेवलीय. मी हाय घरी. हाक मारा.”

जयराम गेला. ऊन उतरलं. खाडी बघता बघता आटत गेली, आणि या वेळी सदानंदराव तिला जाताना बघत होते. काठाची भोकं उघडी पडली, खेकडे बाहेर आले. खालून हळूच एक धक्का बसला. एक पाय टेकला. थोड्या वेळाने दुसरा. इतका वेळ त्यांच्याकडे कललेली बोट सावकाश सरळ झाली आणि थांबली.

फोन वाजला. परेश होता; तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती. “बाबा, कशी आहे बोट?”

“उभी आहे,” सदानंदराव म्हणाले.

फोन ठेवून त्यांनी पायाशी पडलेला डबा उचलला आणि पुन्हा समोरच्या बाकावर ठेवला. हात काढून घेतला आणि वाट पाहिली. डबा जागचा हलला नाही.