झालं काम, लई उपकार

गेणबाला कॉम्प्युटरवर मुलीचा आवाज यायचा, पण त्याचा आवाज तिकडे पोचत नव्हता. वैष्णवी जर्मनीतून म्हणायची, "बाबा, बोला ना. नुसते ओठ हलतायत." गेणबा माईक तोंडाशी धरून ओरडायचा आणि अंगणातलं कुत्रं भुंकायचं.

तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, "राहू द्या बाबा. मी आपली महिन्यातून एकदा फोन करत जाईन."

तो कॉम्प्युटर जोडून दिला होता भाडेकरू वेदांतने. तो आता कंपनीजवळ राहायला गेला होता, खोलीला कुलूप होतं. सुट्टीला गावावरून मुळशी धरणाकडे गाड्यांची रीघ लागायची, पण गेणबाच्या दारात एकही थांबत नव्हती.

जाताना वेदांतने इंटरनेटवरचा 'संगणक कट्टा' दाखवून ठेवला होता. तिथे मराठीत अडचण लिहायची, जाणकार उत्तर देतात. गेणबा अक्षरं शिकला तोच उतारवयात. एकेक अक्षर शोधून त्याने लिहिलं, "माझा आवाज पोरीला ऐकू जात न्हाई. काय करू?"

कोल्हापूरच्या जयसिंगने भलंमोठं उत्तर दिलं. आवाजाचा प्रोग्राम काढा, परत घाला, मशीन बंद करून चालू करा. गेणबाने अख्खी दुपार घालवून सगळं केलं. काही झालं नाही. पण एवढ्या आपुलकीने सांगणाऱ्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं? आजारी म्हशीला कुणी पाला सुचवला तरी गावात बरं वाटतंय असंच सांगतात. त्याने लिहिलं, "झालं काम. लई उपकार, दादा."

जयसिंगने प्रश्नावर 'सुटला' असा शेरा मारला. आता तेच पुन्हा कोणत्या तोंडाने विचारायचं?

काही दिवसांनी नाशिकच्या वाल्मीकने खाली लिहिलं, "माझंही हेच दुखणं. गेणबांचं झालं म्हणून मी तसंच केलं, तर आता गाणीपण वाजत नाहीत. गेणबा, तुमचं नक्की झालं ना?"

गेणबाने मशीन बंद केलं. दुसऱ्या दिवशी उघडून लिहिलं, "माझं झालं न्हवतं. जयसिंगदादाला वाईट वाटू नये म्हणून तसं लिवलं. वाल्मीकभाऊ, माफी असावी."

जयसिंग तापला. "अहो, आम्ही काय हळदीकुंकवाला बसलोय इथे? नाही झालं तर नाही म्हणा! आता तुमच्या 'झालं'वर कोण विश्वास ठेवणार?"

मग कुणीच काही लिहिलं नाही. गेणबा रोज बघायचा. शेवटी परभणीच्या जयाने लिहिलं, "गेणबाकाका, मी एकेक सांगते. करून बघा आणि जे होईल तेच लिहा. माझं मन राखू नका."

तिने माईकचा आवाज वाढवायला सांगितला.

"वाढवला. न्हाई झालं." लिहिताना बोट अडखळलं.

"दुसरा माईक लावा."

"शेजारचा आणून लावला. न्हाई झालं."

"छान!" जयाने लिहिलं. नाही झालं म्हटल्यावर कुणी छान म्हणतं, हे गेणबाला नवंच होतं. "माईक कॉम्प्युटरच्या डब्याच्या पुढे खोचलाय की मागे?"

"पुढं."

"मागे गुलाबी भोक असेल. तिथे खोचा आणि स्वतःचा आवाज भरून ऐका."

गेणबाने तसं केलं. "माझं खोकणं मला ऐकू आलं. पन पोरीला जातंय का ते रविवारी कळंल. तवर सुटला म्हणू नका."

खाली जयसिंगचं आलं, "आता कसं! वाल्मीक, तूही मागे लावून बघ. गेणबा सांगतायत म्हणजे खात्रीचं."

रविवारी वैष्णवी ओरडलीच. "आलं की ऐकू! बोला बाबा!"

"कशी हायेस?"

"मजेत. तुम्ही?"

"बरा हाय."

पुढचं काय बोलावं ते त्याला सुचेपर्यंत तिकडे बेल वाजली. "बाबा, पाहुणे आले. ठेवते. आता काय, केव्हाही बोलता येईल!"

गेणबाने कट्टा उघडला. "पोरीला ऐकू गेलं. आता सुटला म्हणा."

जयाने लगेच विचारलं, "वा! मग पोटभर बोलणं झालं का काका?"

त्याने लिहिलं, "व्हय, लई बोललो." मग ते खोडलं.

"न्हाई. थोडंच झालं," असं लिहून पाठवलं आणि मशीन बंद न करता तसाच समोर बसून राहिला.